नळीतली अक्षता

आमच्या घरात भिंतीवर घड्याळ होतं, पण त्याच्याकडे कोणी फारसं बघत नसे. सकाळचं पहिलं विमान सुरू झालं की आई दुधाचं पातेलं गॅसवर चढवायची आणि तेच विमान फेरी मारून आमच्या गच्चीवरून खाली उतरायला लागलं की दूध उतरवायची. पार्ल्याच्या पश्चिमेला, स्टेशनपासून वीस मिनिटं चालत, तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या होत्या आमच्या. तिथून पुढे लहान विमानांचं मैदान होतं. मोठ्या विमानतळाशी त्याचा काही संबंध नव्हता. तिथं शिकाऊ पोरं दोन माणसांच्या विमानातून घिरट्या घालायची आणि माझे बाबा ती विमानं दुरुस्त करायचे. मैदानाचं आणि तिथल्या क्लबचं नाव मी मुद्दाम घेत नाही. ज्यांना ठाऊक आहे त्यांना ठाऊक आहे, बाकीच्यांचं त्यावाचून काही अडत नाही.

बाबा दुपारी जेवायला घरी येत. तोंडात घास असला तरी कान वर असे. मधेच हात थांबवून म्हणायचे, "खोकतंय," आणि आई म्हणायची, "खोकूंदे, आधी भात गिळा." उतरणाऱ्या विमानाच्या नुसत्या आवाजावरून ते सांगत की आत कोण बसलंय, घाबरलाय की निवांत आहे. ऐकून ऐकून मलाही ते यायला लागलं. दहावीत असताना भूमितीत माझी बोंब होती, पण इंजिनाच्या आवाजावरून वेग ओळखण्यात चाळीतल्या कोणत्याही पोराला मी हरवलं असतं. तशी पैज लावायला कोणी यायचंच नाही, ही गोष्ट वेगळी. आईचा या सगळ्यात स्वतःचा एक मान होता. गच्चीवर तिची सहावारी वाळत घातलेली असे आणि ती कुठल्या बाजूला फडफडते यावरून पायलट लोक वारा ओळखतात, असं तिचं ठाम मत होतं. मैदानावर वारा दाखवायला कापडी मोजा टांगलेला होता, पण तो आपल्या साडीपुढे काय, असं ती म्हणे. बाबा तिला कधी खोडून काढत नसत.

आईने मैदानाला दिलेली खरी गोष्ट म्हणजे टोपडी. विमानाच्या डाव्या पंखाखाली पुढे तोंड केलेली एक बोटभर नळी असते. समोरचा वारा तिच्यात शिरतो आणि त्याच्या जोरावर आतला काटा वेग दाखवतो. विमान उभं असताना नळीत किडेमुंग्या जाऊ नयेत म्हणून तिच्यावर कापडी झाकण घालतात, लाल रंगाचं, म्हणजे काढायचं विसरत नाही. क्लबची झाकणं फाटली की आई ब्लाउजच्या उरलेल्या लाल कापडातून नवी शिवून द्यायची, बाळाच्या टोपड्यासारखी, खाली नाडी लावून. मी लहान असताना बाबांनी मला ती नळी दाखवून सांगितलं होतं, "ही विमानाची नाकपुडी. हिनं वारा हुंगतं ते." तेवढ्या एका वाक्याने पुढे घोटाळा केला. पण दोष वाक्याचा नाही, माझ्या अतिशहाणपणाचा.

पुढे माझी सगळी नोकरी लहान विमानं उतरताना का आपटतात हे शोधण्यात गेली, म्हणून थोडं अधिकाराने सांगते. लोकांना वाटतं, विमानाचा अपघात म्हणजे ढगातून कोसळणं. लहान विमानांचं तसं नसतं. लांबचा प्रवास करून आलेला माणूस घराच्या उंबऱ्याला ठेच लागून पडावा, तशी ती बहुतेक वेळा पडतात. वेग जास्त असला तर विमान जमिनीवर टेकायला तयार नसतं. बळेच टेकवलं की उडी मारतं, मग दुसरी मारतं, आणि तिसऱ्या टप्प्याला पुढचा पाय मोडतो. माणूस बहुधा वाचतो. मोडतं ते त्याचं नाव. तरुण पायलटच्या वहीत एकदा वाईट शेरा पडला की त्याच्या हातात पुन्हा विमान द्यायला कोणी धजत नाही. हे मला पुस्तकातून कळलं नाही, मिलिंदकडून कळलं.

मिलिंद घाटकोपरचा. वडील पोस्टात, मूळचे विदर्भातले. सरकारी शिष्यवृत्तीवर तो विमान शिकायला आला होता आणि क्लबातली पैसेवाली पोरं त्याला जरा दूरच ठेवत. त्यामुळे तो बाबांच्या शेडमध्येच जास्त असे. हाताला ग्रीस लागलं तर त्याला चालायचं. आमच्या घरी दोनदा जेवलाही होता. आईच्या हातचं काळ्या वाटाण्याचं सांबारं खाऊन म्हणाला, "काकू, झकास! आमच्याकडे असं करतच नाहीत." तेव्हापासून आईच्या लेखी क्लबात एकच पायलट होता. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा, पण मी त्याला अरेतुरे करायचे आणि तो मला "काय गं इन्स्पेक्टर" म्हणायचा, कारण मी प्रत्येक विमानाखाली वाकून बघायचे.

खंडेनवमीला शेडमधली हत्यारं घासूनपुसून मांडायची, पूजा करायची आणि विमानांना झेंडूच्या माळा घालायच्या, ही तिथली रीत. त्या दिवशी पाना कोणी उचलायचा नाही. आणि दसऱ्याला सकाळी एक विमान एक फेरी मारून यायचं, ते क्लबचं सीमोल्लंघन. त्या वर्षी कॅप्टन सरदेसाईंनी ती फेरी मिलिंदला दिली. कॅप्टन म्हणजे क्लबचे मुख्य शिक्षक, करड्या मिशांचे, मोजकं बोलणारे. एकट्याने उडण्याची मिलिंदची ती तिसरी खेप. त्याचे घरचे दसऱ्याला दर वर्षीप्रमाणे नागपूरला दीक्षाभूमीवर गेले होते, तो मात्र या फेरीसाठी मागे राहिला होता. खंडेनवमीच्या पूजेच्या वेळी तो शेडच्या दाराशी हाताची घडी घालून उभा होता. "तुमचं चालू द्या," म्हणाला. पूजा दर वर्षी मीच करायचे. विमानाच्या पुढच्या पंख्याच्या टोकाला गंध लावलं, चाकांना लावलं, आणि मग माझ्या मनात आलं की देवाच्या कपाळाला गंध लावतो तसं विमानाच्या नाकाला लावायला नको? बाबा मोठ्या पान्यांसमोर उदबत्ती ओवाळत होते. मी टोपडं काढलं, ओल्या गंधात बोट बुडवून नळीच्या टोकाला लावलं, वर चिमूटभर अक्षता चिकटवल्या आणि टोपडं पुन्हा घालून नाडी घट्ट बांधली. फार छान काम केलं असं वाटून मी स्वतःवर खूश होते.

दसऱ्याला सकाळी मी आणि आई गच्चीवर कपडे वाळत घालत होतो. विमान धावायला लागलं आणि मला पहिल्यांदा खटकलं. धाव लांबली होती. दर वेळी ज्या ताडाच्या झाडापाशी ते जमीन सोडायचं, ते झाड मागे गेलं तरी चाकं खालीच होती. मग उचललं. फेरी मारून आमच्या डोक्यावरून उतरायला आलं तेव्हा आवाज ऐकून मी म्हणाले, "आई, हा फार जोरात येतोय." आई म्हणाली, "येऊंदे, भूक लागली असात." विमान पट्टीवर आलं आणि टेकेचना. अर्धी पट्टी संपली तेव्हा चाक लागलं, विमान उडालं, पुन्हा लागलं, पुन्हा उडालं. अशा वेळी इंजिन देऊन परत वर जायचं असतं. मी गच्चीवरून ओरडले, "वर जा! वर जा रे!" तिसऱ्या टप्प्याला पुढचा पाय दुमडला, पंखा जमिनीत घुसून वाकला आणि विमान नाक घासत गवतात जाऊन तिरपं उभं राहिलं.  आईच्या हातातला पिळा तसाच होता, पाणी तिच्या पायांवर गळत होतं.

मिलिंदचं गळपट्टीचं हाड मोडलं होतं, ओठ फाटला होता, बाकी ठीक. बाबाच त्याला हॉस्पिटलात घेऊन गेले, त्याच्या घरचं कोणी मुंबईत नव्हतंच. तीन वाजता ते परत आले तेव्हा ताटं मांडलेली होती. वडे, सांबारं, खीर, सगळं गार झालेलं. बाबा बसले, एक वडा मोडला आणि म्हणाले, "पोरगा सारखं एकच सांगतोय. म्हणे काटा पासष्टच दाखवत होता, मी बरोबर वेगात आलो. मी म्हटलं, बाबा रे, आपटल्यावर सगळे असंच म्हणतात."

 काटा कमी दाखवत होता, म्हणजे नळीत वारा पुरेसा शिरत नव्हता. धाव लांबली ती म्हणूनच. आपण हळू आहोत असं वाटून त्याने आणखी जोर दिला असणार. भूमितीत बोंब असली तरी एवढा हिशोब मला लागला. मी वाटी खाली ठेवली आणि सांगून टाकलं. बाबा, मी नाकपुडीला गंध लावलं, अक्षता लावल्या, वर टोपडं घातलं. माझ्याबद्दल एक चांगली गोष्ट सांगायची तर ही, की मला लपवायचं सुचलंच नाही. बाबांच्या तोंडाकडे बघितल्यावर मात्र आपण काय बोललो ते कळलं. कारण उडण्याआधी नळी बघून वहीत सही करायची, हे काम बाबांचं. त्यांनी सकाळी टोपडं काढलं होतं. नळीत डोकावले नव्हते. दोन दिवसांपूर्वी नळी साफ करून टोपडं स्वतःच्या हाताने बांधलं होतं, मग बघायचं काय, म्हणून सही करून मोकळे झाले होते. ती सही गेली तर आमचं घर कशावर चालणार होतं? आणि ती राखायची तर मिलिंद खोटा पडत होता.

आई सगळ्यांत आधी बोलली. "आता गप ऱ्हवा. पोरगो वाचलो मा? हाड काय, जुळतला. तुमची सही गेली तर आमी खावचा काय?" मग माझ्याकडे वळून म्हणाली, "चेडवा, तुका देवाचा नाक दिसला नाय, इमानाचाच दिसला?" मी रडायला लागले. बाबांनी पानातलं सगळं संपवलं, खीरसुद्धा, हात धुतले आणि मला म्हणाले, "चप्पल घाल."

सायकलवर मला मागे बसवून ते मैदानावर घेऊन गेले. विमान गवतात तसंच होतं. तपास अधिकारी येईपर्यंत हलवायचं नाही म्हणून भोवती दोरी बांधली होती आणि बाजूला वॉचमन बसला होता. बाबांना बघून त्याने दोरी उचलली. आम्ही डाव्या पंखाखाली वाकलो. नळीच्या काठाला लाल कड होती आणि आत, अगदी तोंडाशी, तांबूस काहीतरी आडवं बसलेलं होतं. मी गंधात खोचलेला दाणा टोपड्याने आत दाबला गेला होता. बाबांच्या खिशात पितळी तारेचा बोटभर तुकडा कायम असायचा, बारीक भोकं साफ करायला. त्यांनी तो काढला. वॉचमन पाठमोरा बिडी पेटवत होता. एक क्षण लागला असता, दाणा गवतात पडला असता आणि चिमण्यांनी खाल्ला असता. बाबांनी तार बोटात दोनदा फिरवली. मग परत खिशात ठेवली आणि म्हणाले, "बघून ठेव. हात लावू नको." मी आजवर शेकडो मोडकी विमानं बघितली, प्रत्येक वेळी माझे हात आधी पाठीमागे जातात. लोकांना वाटतं मी आरामात उभी आहे.

कॅप्टन ऑफिसात एकटेच बसले होते. "परब, घरी जा, दसरा आहे," म्हणाले. "पोरगा जोरात आला, टप्पे खाल्ले, नाक मोडलं. यात बघण्यासारखं काय आहे?"

"सर, काटा खोटा होता."

"तुम्हाला काय माहीत?"

"मी नळीला अक्षता लावली होती," मी म्हणाले.

 कॅप्टनांनी उठून दार लोटून घेतलं. "आणखी कुणाला सांगितलंय?"

"आईला."

"मग तिच्यापाशीच राहू दे. परब, नीट ऐका. हा मुलगा नाही झाला पायलट, तर दुसरं काहीतरी होईल. हुशार आहे. सरकार त्याला वाऱ्यावर सोडणार नाही. तुमची सही गेली तर माझी तीन विमानं जमिनीवर बसतील. आणि तुमच्या घरी ही शिकतेय."

बाबा टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत होते. त्यांना मोठं बोलायची सवय नव्हती. शेवटी म्हणाले, "सर, तो हॉस्पिटलात पडलाय, घरचं कोणी जवळ नाही, आणि मी त्याला सांगून आलो की तू खोटं बोलतोयस. ते मला परत घ्यायचंय. बाकी तुम्ही काय ते ठरवा."

कॅप्टनांनी ठरवायचं काही उरलंच नव्हतं. त्याच संध्याकाळी बाबा हॉस्पिटलात जाऊन मिलिंदला सगळं सांगून आले. तो काय म्हणाला असं मी विचारलं तर म्हणाले, "आधी हसला, मग खांदा दुखला म्हणून कळवळला, मग रडला." दोन दिवसांनी तपास अधिकारी आले. टकलू, चष्मेवाले गृहस्थ, आवाज इतका हळू की ऐकायला पुढे वाकावं लागे. त्यांनी चिमट्याने दाणा काढला आणि पांढऱ्या कागदावर ठेवला. कुंकवाने लाल झालेला तांदूळ. "हा कुठून आला?" त्यांनी विचारलं. कॅप्टन खिडकीबाहेर बघत होते. बाबा म्हणाले, "माझ्या घरातून." माझं नाव त्यांनी घेतलं नाही, म्हणून मीच पुढे होऊन घेतलं. अधिकाऱ्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघून विचारलं, "आणि सही कुणाची?" बाबा म्हणाले, "माझी. नळी मी बघितली नव्हती."

बाबांचा सहीचा अधिकार वर्षभरासाठी गेला. कॅप्टनांनी त्यांना काढलं नाही, हे त्यांचं मोठेपण. पण ज्या शेडमध्ये बाबांच्या शब्दावर विमानं उडत, तिथंच ती धुवायची आणि दुसऱ्याच्या हाताखाली बोल्ट आवळायचे, असं एक वर्ष त्यांनी काढलं. आई शेजारपाजारच्या बायकांचे ब्लाउज शिवायला लागली. मशीन चालवता चालवता कधी म्हणायची, "सत्य काय ताटात वाढूक येणा नाय." पण तीच दर रविवारी डब्यात सांबारं भरून हाड जुळेपर्यंत घाटकोपरला पाठवत होती. मिलिंदच्या वहीत स्वच्छ शब्दांत लिहिलं गेलं की काटा चुकीचा होता. अधिकाऱ्यांनी त्याला मोकळं सोडलं असंही नाही. "दुसऱ्या टप्प्याला वर जायला हवं होतं, ते तू केलं नाहीस. ते मात्र तुझं," असं त्यांनी तोंडावर सांगितलं. मिलिंदने ते ऐकून घेतलं. नंतर मला म्हणाला, "बरोबर बोलला यार. माझी वाट लागली होती, पण निम्मी मीच लावली होती." मला तेव्हा वाटलं की हेच काम आपण करायचं. कोणाची चूक किती, ते नेमकं वाटून द्यायचं, ना कमी ना जास्त.

पुढचं वर्ष अधिक महिन्याचं, त्यामुळे दसरा लांबला होता आणि खंडेनवमीच्या आधी पंधरा दिवस बाबांची सही परत मिळाली. विमानांची पूजा आता बंद होणार असं सगळे धरून चालले होते. बाबा म्हणाले, "पूजेनं काय केलंय?" तबक माझ्याच हातात दिलं. मी पंख्याला गंध लावलं, चाकांना लावलं आणि डाव्या पंखाला लांबून वळसा घालून जायला लागले, तर मागून आवाज आला, "नाक राहिलं." मी तिथंच थिजले. बाबा जवळ आले, माझं बोट धरलं आणि नळी ज्या दांडीला धरून असते त्या दांडीवर टेकवलं. "इथं लाव. नाकावर लावतात, नाकात नाही." शेडमधले सगळे हसले. मीही हसले.

दसऱ्याला सकाळी फेरी पुन्हा मिलिंदकडेच होती, त्याने ती मागून घेतली होती. आई त्या दिवशी पहिल्यांदाच मैदानावर आली होती, नवी साडी नेसून. इतकी वर्षं टोपडी शिवून एकही विमान तिने जवळून बघितलेलं नव्हतं. बाबांनी टोपडं काढलं, खिशातून छोटी बॅटरी काढली आणि वाकून नळीत बघितलं. बघून झाल्यावर त्यांनी वही उघडली. मिलिंद म्हणाला, "काका, थांबा. पूजा तुमची, पण विमानात बसणार मी," आणि स्वतः बॅटरी घेऊन वाकला. मग ती माझ्याकडे देत म्हणाला, "घ्या इन्स्पेक्टर." मीही बघितलं. बाबा पेन हातात धरून थांबलेले, आणि इतक्यात आई पदर खोचत पुढे आली. "माका बघूक दी."

मी तिला बॅटरी कशी धरायची ते दाखवलं. ती पंखाखाली वाकली, एक डोळा मिटला आणि बराच वेळ त्या नळीत बघत राहिली. इंजिन नाही, वारा नाही. मग कमरेवर हात ठेवून ती हळूहळू सरळ झाली.

"काय्येक दिसणा नाय," ती म्हणाली.

"मग बरोबर," बाबा म्हणाले, आणि त्यांनी सही केली.